शेक किती बाधेल, हे रक्ततपासणीतून आधी कळतं का?

तुम्ही विचारलंय : चोपड्याच्या काकांना गालाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) सुरू व्हायचेत, चांगल्या पेशींना किती त्रास होईल हे रक्तावरून आधी समजेल का?

रोजच्या उपचारात वापरावी अशी खात्रीची तपासणी अजून नाही. संशोधन मात्र बरंच झालंय. सगळ्यात भारी प्रकार लिम्फोसाइटचा. शेकाआधी रक्त घेतात, त्यातल्या या पांढऱ्या पेशींना प्रयोगशाळेत ८ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणं देतात आणि किती मरतात ते मोजतात. गंमत उलटी आहे : ज्याच्या पेशी कमी मरतात, त्याला पुढे महिन्या-वर्षांनी ऊती कडक होण्याचा धोका जास्त दिसतो. बाकी टीजीएफ-बीटा, आयएल-६ ही रक्तातली प्रथिनं छातीच्या शेकात अभ्यासतात. छोट्या आतड्याचं अस्तर झिजलं की रक्तातलं सिट्रुलिन हे अमिनो आम्ल उतरतं. डीएनए तुटल्याची खूण म्हणजे गॅमा-एच२एएक्स. यांतलं काही कुणी पॅकेज म्हणून विकत असेल तर पैसे घालू नका.

काकांच्या बाबतीत त्रास ठरतो तो डोस, किती भागावर शेक, सोबत केमो आहे का आणि तंबाखू सुटली का, यावर. तोंड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोलवटतं. तेव्हा ठेचा, शेवभाजी बंद. भरीत खायचंच तर बिनमिरचीचं, नाहीतर कुस्करलेलं केळं, मऊ खिचडी. मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू ठेवा. दात मात्र शेकाआधीच दाखवून घ्या; नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं.