युद्धपटात पॅराट्रूपर उडीआधी पट्ट्याचा हूक तारेला का अडकवतात?

त्या पट्ट्याला स्टॅटिक लाइन म्हणतात, लांबी साधारण साडेचार मीटर. एक टोक विमानातल्या पोलादी तारेला, दुसरं पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीला. सैनिक बाहेर पडला की पट्टा ताणला जातो, पिशवी उघडते आणि छत्री ओढली जाते. हाताने काही ओढायचं नसतं. उडी जेमतेम २५०-३०० मीटरवरून असते, चुकायला सवडच नाही.

बाहेर पडल्यावर सैनिक मोजतो. अमेरिकेच्या जुन्या टी-१० छत्रीला ४ सेकंद मोजत. तोवर झटका बसला नाही, तर पोटावरची राखीव छत्री उघडायची. (दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर राखीव छत्रीशिवायच उडी मारत, पडद्यावर दिसली तर ती चूकच.)

खरा धोका पट्टा हाताखालून जाण्याचा. ताण बसताच तो दंडाला विळखा घालतो आणि स्नायू फाटू शकतात. म्हणून दारात पट्टा नीट सोडण्याचा सराव पुन्हापुन्हा करून घेतात.

उतरताना पाय जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले. आधी चवडे, मग पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची बाजू टेकवत लोळायचं. सिनेमात उभ्याने उतरून लगेच धावतात, प्रत्यक्षात तसं केलं तर घोटा जायचा.