गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी गावासाठी काम करावं आणि त्यातून शिकावं, यासाठी बाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांनी नेमकी काय मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं) आहे, नोकरी पुण्यात आहे आणि गावचे दहा-बारा जण मिळून दरवर्षी शाळेला काही रक्कम द्यायला तयार आहात. मुलांनी गावाच्या उपयोगाचं काम करावं आणि त्यातून त्यांचा अभ्यासही व्हावा, तर पैसे कुठे घालावेत, असं विचारलंय. मी पलीकडे अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्याच खोऱ्यात, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे तुमचं गाव न पाहताही बरंचसं ओळखीचं आहे.

पैसे आत्ताच पाठवू नका. आधी गावाला पोरांकडून काय जाणून घ्यायचंय ते शोधा.

भिंतींना रंग, कपाटभर पुस्तकं, वर्षातून एक स्वच्छता फेरी, हीसुद्धा मदतच आहे आणि शाळेला ती लागते. पण तुम्ही विचारताय ते वेगळं आहे. गावाचं काहीतरी अडलेलं सुटावं आणि तेच करता करता गणित, विज्ञान, मराठी पक्कं व्हावं, असं हवं असेल तर गावालाच ज्याचं उत्तर हवंय असा प्रश्न लागतो. आणि मुलांनी उत्तर आणून ठेवलं की गावाने त्यांना काहीतरी परत सांगावं लागतं. यातलं एक जरी नसलं तर पोरं ते काम ‘मॅडमनी सांगितलं म्हणून’ करतात आणि गाव टाळ्या वाजवून घरी जातं.

आमच्याकडचं एक काम सविस्तर सांगते. नळाला दूरच्या धरणाचं पाणी येतं, रोज येत नाही. खालच्या पुऱ्यात, म्हणजे खालच्या वस्तीत, पाणी पोचत नाही ही तक्रार फार जुनी. वरचे म्हणायचे, तुम्हीच भांडी धुवायला नळ सोडून ठेवता. खालचे म्हणायचे, वरच्यांनी मोटारी लावल्यात. सातवीच्या पोरांनी २० लिटरची बादली आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेतलं आणि प्रत्येक गल्लीतल्या एका नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. देवळाजवळ ४० सेकंद. खालच्या पुऱ्याच्या टोकाला अडीच मिनिटं. म्हणजे एकीकडे मिनिटाला ३० लिटर आणि दुसरीकडे ८. त्या वर्षी व्यस्त प्रमाण शिकवायला मला दुसरं उदाहरण शोधावं लागलं नाही. मग पाणी किती वेळ येतं, किती दिवसांनी येतं आणि घरात माणसं किती, यावरून माणशी रोज किती लिटर पडतं ते काढलं आणि जलजीवन मिशनने धरलेल्या माणशी रोज ५५ लिटरशी ताडून पाहिलं.

हे आकडे ग्रामसभेत नेण्याआधी आम्ही ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला वर्गात बोलावलं. सगळं गाव त्यांना नळवाले भाऊ म्हणतं. त्यांना न विचारता आकडे मांडले असते तर गावात एकच अर्थ निघाला असता, की शाळेने भाऊंची तक्रार केली. ते आले आणि बराच वेळ दाराशीच उभे राहिले. एका मुलीने विचारलं, ‘भाऊ, जमिनीखालून पाइप कुठून कुठून जातो?’ त्यांनी खडू मागून घेतला आणि वर्गाच्या फरशीवर, टाकीपासून सुरुवात करून, अख्ख्या गावाची पाइपलाइन काढली. कुठे चार इंची, कुठे दोन इंची, कुठला व्हॉल्व्ह रस्त्याच्या मुरमाखाली गाडला गेलाय, कुणाच्या अंगणात जुना जोड आहे, सगळं. असा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरातसुद्धा नव्हता. पोरांनी तो ड्रॉइंग पेपरवर उतरवला, प्रत्येक नळापाशी सेकंद लिहिले, आणि नेमक्या कुठल्या व्हॉल्व्हनंतर धार बारीक होते ते सगळ्यांना दिसलं. मोटारींचा आणि भांड्यांचा वाद तिथेच थंड झाला.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन मुलींनी हे वाचून दाखवलं. भाऊ नकाशा धरून शेजारी उभे होते. सरपंचांनी गाडलेला व्हॉल्व्ह उकरून बदलायचं कबूल केलं. नवीन पाइप निधी आल्यावर, असं स्पष्ट सांगितलं. व्हॉल्व्ह बदलल्यावर पोरांनी पुन्हा बादली लावली. टोकाच्या नळाला अडीच मिनिटांऐवजी पावणेदोन मिनिटं. प्रश्न पूर्ण सुटला नाही. पण सरपंचांचं ‘निधी आल्यावर’ हे उत्तर तारखेसह वहीत लिहिलेलं आहे, आणि पुढच्या वर्षीच्या सातवीने ते ग्रामसभेत विचारायचं असं ठरलं.

या सगळ्यात पैसा जवळजवळ लागला नाही. लागली ती माणसं: वर्गात येऊन बसणारा कर्मचारी, पोरांना बोलू देणारे सरपंच, आणि ‘मुली ग्रामसभेत कशाला’ असं न म्हणता त्यांना पाठवणारे आईबाप. तुमची मदत इथे लागते. तुम्ही दहा-बारा जण त्या गावचे आहात, तुमचा शब्द गावात चालतो. मी बाहेरून बदलीवर आलेली शिक्षिका, माझा तेवढा चालत नाही.

आपल्या विदर्भाला हे नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने त्यावरून आराखडा केला आणि नई तालीम सेवाग्रामला उभी राहिली. हाताने करायचं काम शाळेच्या मधोमध असावं आणि शिक्षण मातृभाषेत व्हावं, ही तिची मांडणी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवले; आधी विषय समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करायचा, ही तिथली रीत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव ते हेच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तर बारावीपर्यंतची शाळा पूर्ण करायला ७५ तासांचं असं सेवाकाम करावंच लागतं. मात्र तिथल्या केंद्र सरकारचा शाळांमधल्या अशा कामाला पैसा देणारा कार्यक्रम २०११ मध्ये निधी थांबल्याने बंद पडला. वरून येणारा पैसा कधीतरी थांबतो, म्हणून गावातल्या गावात ठरलेलं लेखी काहीतरी असावं, असं मी आग्रहाने सांगते.

ते लेखी कुठे असावं? शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तीच बनवते. मुलांचं गावकाम त्या आराखड्यात एका ओळीने तरी येऊ द्या. आमच्या बदल्या होतात. उत्साही शिक्षक गेला की काम त्याच्या मोटारसायकलवर बसून दुसऱ्या गावाला जातं, हे तुम्हीही पाहिलं असेल. समितीच्या ठरावात असलेलं काम नव्या शिक्षकाला वारशात मिळतं. नोंदवही शाळेच्या कपाटात असावी, शिक्षकाच्या घरी नको. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडाही दरवर्षी होतो. मुलांचे आकडे त्या बैठकीपर्यंत पोचले तर त्यांना वजन येतं.

आता काम कुठलं निवडू नये, ते. यावर मी थोडी कडक आहे. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांच्या काळात काही ठिकाणी पोरांच्या हातात शिट्ट्या देऊन त्यांना पहाटे लोकांच्या मागे धाडलं गेलं. ज्याच्याकडे संडास बांधायला जागा नाही त्याच्या पोराने शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपल्याच बापावर शिट्टी वाजवायची, यात कुठलंच शिक्षण नाही. घरोघरचं कर्ज, दारू, आजारपण, कुणाच्या घरातली आत्महत्या, हे विषय मुलांच्या सर्वेक्षणात येऊच नयेत. आणि झाडूचं काम निघालं तर तो कुणाच्या हातात जातो ते नीट बघा. मुलींच्या हातात जातो, किंवा ठरावीक वस्तीतल्या मुलांच्या. सगळ्यांची पाळी लावता येत नसेल तर ते काम घेऊच नका. गाडगेबाबा याच मातीतले, शेंडगावचे. गावात गेल्यावर झाडू ते आधी स्वतः हातात घेत, हे तुमच्या गटानेही लक्षात ठेवावं.

धोक्याचं कामही नको, पण धोक्याविषयीचं काम चालेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्याही गावातल्या घरोघरी फवारणीचा पंप असतो. आम्ही कृषी सहायकांना बोलावून औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग समजून घेतले: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. डबा एकाही पोराने हातात घेतला नाही, चित्रांवरच शिकले. मग प्रत्येकाने मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून घरी लावला: त्रिकोणाचा रंग बघा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, फवारल्यावर अंघोळ केल्याशिवाय पोराला उचलू नका. शेवटचं वाक्य पाचवीतल्या एका मुलाने स्वतःहून घातलं. त्याची बहीण रांगत होती तेव्हा.

वेळापत्रक पुण्याच्या हिशेबाने आखू नका. उन्हामुळे आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे ५ जूनचा पर्यावरण दिन सुट्टीतच जातो. जुलैत झाडं लावायची हौस सगळ्यांना असते, एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, नाहीतर लावू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरला मूग-सोयाबीन, आणि दसऱ्यापासून पुढे कापूस वेचणी. मोठी पोरं शेतात नाहीतर धाकट्यांना सांभाळायला घरी. त्या काळात कुठलंही मोठं काम घेतलं तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं सुटतात. म्हणून आम्ही प्रश्न १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाकडून घेतो, मोजमाप दिवाळीनंतर करतो आणि २६ जानेवारीला मांडतो. तासांची अडचण असेल तर मुख्याध्यापकांना आठवण द्या की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना १० दिवस सुचवलेले आहेत.

पैशाचं विचारलंत, तर मोजायची साधनं घेऊन द्या: लांब टेप, पर्जन्यमापक, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर. तुमच्याकडे पाणी खारं असल्याने मीटर लगेच कामाला येईल. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. पोरं विहीर, बोअर, नळ आणि छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी मोजतील आणि चारही आकडे शेजारी लिहितील. एवढं मात्र शिकवा, की या मीटरला जंतू कळत नाहीत आणि फ्लोराइडही वेगळं कळत नाही; त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. पर्जन्यमापकाचाही हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल तर १० मिलिमीटरच्या एका पावसात १,००० लिटर. सहावीतलं पोर हे स्वतः काढतं आणि मग विचारतं की हे पाणी जातं कुठे.

त्याखेरीज तुमच्यातल्या कुणीतरी एकाने, दरवर्षी तोच माणूस बरा, दोन महिन्यांतून एकदा शाळेत जाऊन मुलांची वही वाचावी. मोठ्याने वाचावी, चुका असतील तर विचाराव्यात, आणि ग्रामसभेच्या दिवशी गावात हजर राहावं. देणगीच्या पाटीवर नावं नसली तरी चालेल, पण त्या दिवशी मुलं बोलत असताना मागे कुणी गप्पा मारू लागलं तर त्यांना थांबवणारा आपला माणूस तिथे हवा.

सुरुवात करायची असेल तर मेमध्ये गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांना, समितीच्या अध्यक्षांना आणि गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना एकत्र बसवा. आशाताईंना विसरू नका, घरोघरचं जेवढं त्यांना ठाऊक असतं तेवढं सरपंचांनाही नसतं. तिघांनाही एकच विचारा: गावात असं काय आहे जे सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण कुणी कधी मोजलेलं नाही? जे उत्तर येईल ते इथे कळवा. सातवीच्या कुठल्या धड्याला ते जोडता येईल ते मी सांगेन, आणि आमच्या पोरांनी आखलेला नोंदीचा तक्ताही पाठवेन.