जपानमधलं ऑनसाइट पोस्टिंग संपवून पुण्याला परतताना काय काय आटपावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांनी तोक्यो सोडताय आणि ‘मुलगी पाचच वर्षांची आहे, तिचा प्रश्न नाही, बाकीची कामं सांगा.’ त्या मधल्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

कामं आधी सांगतो. वॉर्ड ऑफिसात देश सोडत असल्याची नोंद निघण्याआधीच्या १४ दिवसांत होते. पगारातून जपानी पेन्शन कापली जात असेल, तर परताव्याचा अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा. पीएफ भारतातच चालू असेल, तर भारत-जपानमधल्या २०१६ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे जपानी पेन्शन बहुधा कापलीच गेली नसेल. पगाराची स्लिप बघा. आणि रहिवासी कर. १ जानेवारीला तुमचा पत्ता जपानात असेल, तर आदल्या वर्षीच्या करपात्र कमाईवर साधारण दहा टक्के भरावे लागतात, मग तुम्ही पुढच्या महिन्यात निघालात तरी. म्हणून जो तो सांगतो, डिसेंबरातच निघा.

मी तेच केलं. २०१८ साली आम्ही तोक्योतल्या निशिकासाईला राहत होतो. बायको पार्टटाइम काम करायची म्हणून मुलीला होइकुएन मिळालं होतं, म्हणजे तिथलं पाळणाघर. माझं काम मार्चपर्यंत चाललं असतं, पण कधी निघायचं ते कंपनीने माझ्यावर सोडलं होतं. मी पुण्याला दादाला फोन केला. दादा हिशोबाला पक्का. म्हणाला, "अडीच लाख येन कशाला घालवतोस? मुलांचं काय, चार दिवसांत विसरतात." मी डिसेंबरची तिकिटं काढली.

मुलगी होइकुएनच्या सगळ्यात मोठ्या वर्गात होती. या वर्गाचा मार्चमध्ये निरोपसमारंभ असतो. एकेका मुलाचं नाव पुकारतात, ते पुढे जाऊन वाकून दाखला घेतं. आदल्या वर्षी मोठ्या मुलांचा समारंभ तिने खाली बसून पाहिला होता आणि वर्षभर घरात उशीच्या कव्हराचा दाखला करून सराव करत होती. शेवटच्या दिवशी मी तिला आणायला गेलो, तेव्हा ती रोजच्यासारखी मैत्रिणींना "माता आश्ता" म्हणाली. उद्या भेटू. मैत्रिणीही तेच म्हणाल्या. आपण कायमचे चाललोय हे तिला नीट समजलंय का, हे मी तिला विचारलंच नाही. सायोनारा सेलमध्ये, म्हणजे निघताना घरातलं सामान विकतात त्यात, वॉशिंग मशीन कोणाला द्यायचं, यात गुंतलो होतो.

पुण्यात पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी आलो की ती दाराशी येऊन "ओकाएरी" म्हणायची. घरी परतलेल्या माणसाला जपानी लोक असं म्हणतात. चुलत भावंडं हसली, मग तिची नक्कल करू लागली. तिने म्हणणं सोडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ती जपानीत एक वाक्यही बोलेना.

दादा म्हणतो, बघ, विसरली ना, मी म्हटलंच होतं. माझा मुद्दा उलटा आहे. विसरली हेच तर नुकसान. जी भाषा बोलत ती भांडली, रुसली, पहिल्यांदा मैत्रीण जोडली, ती गेली. आमचं पोस्टिंग तात्पुरतं होतं, पण तिच्या आयुष्याचा अर्ध्याहून जास्त भाग तिथेच गेला होता. तिच्यासाठी ते परदेश नव्हतंच.

तिच्या होइकुएनमध्ये रेनराकुचो नावाची वही असायची. सेन्सेई, म्हणजे तिथल्या शिक्षिका, त्यात रोज लिहायच्या, मूल काय जेवलं, कोणाशी खेळलं. मला जपानी वाचता येत नसे. हिरागाना या सोप्या जपानी लिपीतली अक्षरं मुलगीच मला वाचून दाखवायची. त्या चार वह्या आमच्या कपाटात आहेत. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत तिने एक उघडली, दोन पानं चाळली आणि मला विचारलं, "बाबा, हे काय लिहिलंय?"

तर, तुमची मुलगीही याच वर्गात असेल तर मार्च संपवून या. कर भरा. इथे आल्यावर आठवड्यातून एकदा तिच्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल लावून द्या, आणि हे तिकडून निघण्याआधीच त्या मैत्रिणीच्या आईशी बोलून ठरवा. घरात तिचे जपानी शब्द ऐकून कोणी हसलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. मी थांबवलं नव्हतं.

अर्थात घरी कोणी आजारी असेल, किंवा कंपनी तारीखच ठरवून देत असेल, तर इलाज नाही. मूल दीड-दोन वर्षांचं असेल तरीही गोष्ट वेगळी. पण मला मार्च मिळत होता, दादा, आणि ते अडीच लाख येन कशात गेले ते आज मला सांगताही येत नाही.