ग्रॅनाइटचा तुकडा प्रेसमध्ये दाबला तर वीज निर्माण होते का? माझ्या मल्टिमीटरवर काहीच का दिसत नाही?

होते, पण तुमच्या मीटरला ती दिसण्याआधीच निचरून जाते. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्‌झवर, म्हणजे आपल्या गारगोटीवर, दाब पडला की विद्युतभार तयार होतो. क्युरी बंधूंनी हा गुण १८८० मध्ये दाखवला. योग्य अक्षावर कापलेल्या शुद्ध स्फटिकात दर न्यूटनला साधारण २.३ पिकोकुलंब (विद्युतभाराचं अगदी छोटं एकक) मिळतात. १००० न्यूटन दिले आणि केबलची भार साठवण्याची क्षमता १०० पिकोफॅरड असली तर सुमारे २३ व्होल्ट. मात्र मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम, त्यामुळे हा भार मिलिसेकंदभरात ओसरतो. त्याऐवजी इलेक्ट्रोमीटर (भार जवळपास निचरू न देता मोजणारा मीटर) किंवा चार्ज अॅम्प्लिफायर (भाराचं मोजता येईल अशा व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं सर्किट) लावा. ग्रॅनाइटमधले कण वाटेल त्या दिशेला वळलेले असतात आणि बराचसा भार एकमेकांत खपतो, म्हणून आकडा २३ च्या खूप खाली येईल. सह्याद्रीतला काळा पाषाण तर घेऊच नका, त्यात क्वार्ट्‌झ जवळपास नसतोच.

मांडणी अशी:
- तुकडा ओव्हनमध्ये नीट वाळवा. ओल असली की भार गळतो, शिवाय छिद्रांतलं पाणी सरकून वेगळाच व्होल्टेज देतं.
- समोरासमोरच्या बाजूंना तांब्याची पट्टी घट्ट चिकटवा. पट्टी आणि प्रेसच्या मध्ये वीजरोधक म्हणून टेफ्लॉन. सैल पट्टी घासली की खोटा सिग्नल येतो, आणि बहुतेकजण इथेच फसतात.
- भोवती अर्थिंग केलेली धातूची पेटी, नाहीतर ५० हर्ट्‌झची घरगुती गुणगुणच मोजाल.

एक लक्षात ठेवा: दगड तडकताना क्वार्ट्‌झ नसलेल्या खडकातही ठिणगीसारखे सिग्नल येतात, म्हणून प्रत्येक उसळी क्वार्ट्‌झची समजू नका.