घरच्या बागेतली रोपे विकून गोव्यात छोटा धंदा उभा राहील का?

पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनीत नि जिन्यात मिळून साठेक कुंड्या, आलागेला "तू विकत का नाहीस गं?" विचारतो आणि आता नोकरी सोडावी असे मनात येतेय, असे तुम्ही लिहिले आहे. नोकरी सोडू नका. निदान एक अख्खा मे महिना आणि एक चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, या धंद्यात काढल्याशिवाय तरी नाही.

मी फोंड्याच्या बाजूला राहते. घरामागे सासऱ्यांच्या हातचे लहानसे कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे, त्याच्या कडेला शेडनेट बांधून गेली अकरा वर्षे रोपे करते. सुरुवात माझीही तुमच्यासारखीच, हौसेतून. पहिल्या वर्षी मी काय केले असेल? गुलाब आणले. घाटावरच्या एका नर्सरीतून पंच्याऐंशी कलमी गुलाब, रंगारंगाचे. मे महिन्यात अंगण असे दिसत होते की रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढायचे. जून उजाडला, पाऊस लागला, पानांवर काळे ठिपके आले आणि जुलै संपेपर्यंत नुसत्या काड्या उभ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ज्या झाडाला पाने कोरडी लागतात ते या चार महिन्यांत तुमच्याकडे पाहुणे म्हणूनच राहणार. गुलाब मला अजूनही आवडतो. दारात दोन आहेत, विकायला एकही नाही.

त्यातून जे कळले ते असे, की आपण रोप विकत नाही, रोपाने आपल्या जागेत काढलेले दिवस विकतो. पाच बाय सात इंचांच्या काळ्या पिशव्या एका चौरस मीटरात शंभरच्या आसपास बसतात. दोन महिन्यांत जाणारे रोप आणि दोन वर्षे बसून राहणारे रोप तेवढीच जागा अडवते, तेवढेच पाणी पिते. तुमच्याकडे तर जागा बाल्कनीची. तेव्हा "मला काय आवडते" हे बाजूला ठेवा आणि कुठले रोप कुठल्या तारखेला घराबाहेर पडेल ते आधी बघा.

तारखा आपल्याकडे कॅलेंडरातच छापलेल्या असतात. तुळशीचे घ्या. पावसाने वृंदावनातली तुळस सडते, खंगते, आणि कार्तिकात तुळशीचे लग्न आले की गावभर नव्या तुळशीची शोधाशोध. मी ऑगस्टच्या सुरुवातीला मंजिऱ्या चुरडून बी पेरते. बी राईहून बारीक, उघड्यावर पेरले तर एका सरीत वाहून जाते, म्हणून पत्र्याखाली, ट्रेमध्ये. चार पाने आली की पिशवीत. दिवाळीपर्यंत वीतभर होतात. चाळीस रुपयांना एक म्हटले तरी कुणी घासाघीस करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी लग्न असते. तेच रोप डिसेंबरात वीस रुपयांनाही कुणी उचलत नाही.

झेंडूचेही तसेच. रोप पिशवीत तीन-साडेतीन आठवडे, लावल्यावर दोनेक महिन्यांनी फूल. दसऱ्याच्या तारखेपासून बोटे मोजत मागे या, पेरणीचा दिवस मिळतो. माझी मात्र खरी लक्ष्मी अबोली. एकतर ती इथलीच, सावलीही सोसते, देवीला लागते, केसांत लागते, आणि बाजारात फातीचा, म्हणजे गुंफलेल्या फुलांच्या वेणीचा, भाव ऐकला की बायका आपणहून म्हणतात, "एक रोपच दे गे." तिचे बी गोळा करणे म्हणजे गंमत आहे. वाळलेल्या कणसावर पाणी पडले की टचकन फुटून बी चार हात लांब उडते. मी कणीस सकाळीच, कोरडे असताना काढते आणि कपड्याखाली झाकून त्यावर पाणी शिंपडते, बी आपोआप कपड्यातच राहते. एक सांगते, अबोली मरते ती बहुतेक मुळांच्या सूत्रकृमीने. रोप उपटून बघा, मुळांवर गाठी दिसल्या तर ती माती दुसऱ्या पिशवीत घालू नका. मी मातीत निंबोळी पेंड मिसळते आणि वाफ्याच्या कडेने झेंडू लावते, तेवढ्याने बरेच आटोक्यात राहते.

मग माटोळी. चवथीला गणपतीवर जी माटोळी, म्हणजे फळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतात तिला लागणारी फळे आता लोकांना बाजारातून आणावी लागतात, आणि रानातली रानात उरत नाहीत. कित्येक जणांना वाटते की मावळिंग (महाळुंग), नीरफणस, आंबाडा आपल्या परसात असावेत. यांची रोपे मी जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की विकते, कारण लावायची वेळ तीच. नीरफणसाला बी नसते. मुळाला जमिनीवर जिथे इजा होते तिथे फुटवा येतो, तो काढून लावायचा किंवा मुळाचेच वीतभर तुकडे रेतीत आडवे ठेवायचे. रोप व्हायला वेळ लागतो, म्हणून मी थोडीच करते आणि भाव चांगला घेते. रानातून उपटून आणून मात्र काही विकू नका. विशेषतः सीतेच्या वेणीसारख्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये आहेत, आणि तिथून काढलेले झाड तुमच्या बाल्कनीत आठ महिन्यांत वाळणार ते वेगळेच.

आंब्याच्या कलमांच्या नादाला सुरुवातीला लागू नका. आमच्या यजमानांनी रस्त्याच्या कडेच्या एका विक्रेत्याकडून मानकुरादचे म्हणून कलम आणले होते. सहा वर्षे पाणी घातले, पहिले फळ आले ते आंबट, नुसत्या दशी. तो माणूस कोण, कुठला, काही पत्ता नाही. तुमचा पत्ता मात्र गिऱ्हाईकाला माहीत असणार. कलमे ठेवायचीच असतील तर जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून किंवा तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करून खात्रीची आणा आणि पावती जपून ठेवा. कलम बांधायला, खत करायला शिकायचे असले तरी आधी तिथेच विचारा.

माती म्हणाल तर इथली तांबडी माती एकटी घातली की पावसात चिखल आणि मेमध्ये वीट. मी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग काथ्याचा भुसा आणि मूठभर तूस घालते. शेण ताजे घालू नका, हुमणी येते. पावसाळ्यात पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता विटांवर फळी टाकून ठेवा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्या लागतात, यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

हिशेबाचे म्हणजे, माती, पिशवी, खत, पाणी धरून मला एक रोप बारा-तेरा रुपयांना पडते, माझ्या श्रमाचे न धरता. शंभरातली पंचवीस मरतात असे गृहीत धरा, पहिल्या वर्षी चाळीस. म्हणजे जगलेल्यांनी मेलेल्यांचाही खर्च काढायचा. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, प्लॅस्टिकच्या कुंड्यांवर आहे. बियाणे पाकिटात भरून विकायचे मनात असेल तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, त्यात पडू नका. आणि सोसायटीची परवानगी आधी, तोंडी नव्हे, लेखी. जिन्यातल्या कुंड्यांवरून भांडण व्हायला एक सांडलेली बादली पुरते.

आता तुमच्या जागी मी असते तर काय केले असते ते सांगते. पर्वरीत कितीतरी फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असतात. मालक मुंबई-दिल्लीला, डिसेंबरात येतात आणि बाल्कनीत वाळलेल्या कुंड्या बघून हळहळतात. मी रोपे विकण्याआधी ती झाडे सांभाळायला घेतली असती. आठवड्यातून दोन फेऱ्या, महिन्याचे ठरलेले पैसे, दर फेरीला फोटो. जागा त्यांची, पाणी त्यांचे, कौशल्य तुमचे. नोकरी सांभाळून सकाळी होण्यासारखे काम आहे. चार-पाच घरे मिळाली की डिसेंबरात त्यांनाच शेवंती, पिटुनिया भरून दिलेल्या कुंड्या विकता येतात, तेही तयार गिऱ्हाईक. फक्त किल्ली घेताना वहीत सही करून घ्या आणि घरात दुसऱ्या कुणाला नेऊ नका.

तुमच्या मोगऱ्याची कुंडी विकावी का, असे विचारलेत ते राहिलेच. कुंडी विकू नका, कितीही पैसे दिले तरी. बहर संपला की जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या कापा, दोन पेरे मातीत जातील अशा तिरक्या लावा आणि सावलीत ठेवा. माझ्याकडे दहातल्या सहा-सात धरतात.