विमानाचं वेड खरं, पण पन्नास हजार आत्ता भरू नका

प्रश्न : मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर आहे. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाली, आता सेकंड पीयूसी (बारावी) सायन्सला आहे. सांबऱ्याच्या विमानतळावर हवाई दलाचं मोठं मालवाहू विमान उतरतं, त्यानं तिला वेड लावलंय. पंखांवर चढवलेली दोन इंजिनं, मागून उघडणारं पोट. वडोदऱ्याला अशी विमानं बनणार हे तिनं पेपरात वाचलं. बाहेरगावची एक संस्था 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स'च्या प्रवेशासाठी पन्नास हजार आगाऊ मागते आहे. भरू का? की सांबऱ्यातच पायलटचं ट्रेनिंग मिळेल?

उत्तर : पैसे भरू नका. निदान आत्ता तरी नाही.

मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देतं आणि ते नागरी विमानांसाठी असतं. तुमच्या लेकीला ज्या विमानानं वेड लावलंय, त्याची देखभाल हवाई दलाची स्वतःची माणसं करतात. हा कोर्स वाईट नाही, पण तो तिला त्या विमानापर्यंत नेत नाही. पुढेमागे तिला प्रवासी विमानांचंच काम करावंसं वाटलं, तर संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर जाऊ नका. 'सीट संपत आल्या' म्हणणाऱ्याची घाई त्याची असते, आपली नव्हे.

आता विमानाकडे येऊ. इंजिनं पंखांच्या वर म्हणजे ते बहुधा एएन-३२. सोव्हिएत बनावटीचं, १९८४ पासून आपल्या हवाई दलात. मोठे प्रॉपेलर जमिनीपासून दूर राहावेत, कच्च्या धावपट्टीवरचे खडे इंजिनात ओढले जाऊ नयेत, म्हणून इंजिनं इतकी उंच. वडोदऱ्याचं विमान वेगळं, सी-२९५. जुन्या अॅव्ह्रो विमानांच्या जागी घेतलेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला : १६ स्पेनहून तयार यायची, ४० टाटांच्या वडोदरा कारखान्यात जुळवायची. एका वेळी ७१ सैनिक किंवा काही टन माल घेऊन ते आखूड, कच्च्या पट्टीवरही उतरतं.

मुलीला एकच विचारा : हे विमान उडवायचंय, सांभाळायचंय की बनवायचंय? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

उडवायचं असेल तर सांबरा नव्हे. तिथल्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये वायुसैनिक घडतात, अग्निवीरवायू (हवाई दलातले अग्निवीर) मुलीसुद्धा. पायलट होतात अधिकारी, आणि ते हैदराबादजवळच्या दुंडीगलला शिकतात. मालवाहू विमानांसाठी निवड झाली की पुढचं शिक्षण बेंगळुरूजवळ यलहंकाला. बारावीनंतरची वाट एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) : यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा, गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, त्यात इंग्रजी २००. मराठी माध्यमातली मुलं गणितात तरतात आणि या २०० मध्ये अडकतात, म्हणून तयारी तिथून सुरू करा. मुलींच्या जागा मोजक्याच आहेत. एनडीए हुकली तर पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा, आहेच. पायलटची संगणकीय अभिक्षमता चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा 'सराव म्हणून' देऊ नये. या सगळ्याच्या आधी डोळे. उड्डाण शाखेचे दृष्टीचे निकष फार कडक आहेत. दोन वर्षं क्लास लावून मेडिकलला परत आलेल्या मुलांचे आईबाप माझ्यासमोर बसतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

सांभाळण्याच्या वाटेला लोक उगाच कमी लेखतात. बारावीला गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी घेऊन ५० टक्के असतील तर अग्निवीरवायूचा अर्ज करता येतो. नोकरी चार वर्षांची, त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात, हे घरात स्पष्ट बोलून घ्या. मालवाहू विमानात तर माल चढवणाऱ्याचंही शास्त्र असतं. बैलगाडी उलाळ, म्हणजे मागे जड झाली की जू वर उचलतं, तसं वजन मागे गेलं की विमानाचं नाक उचलतं. म्हणून प्रत्येक पेटी वजन करून, ठरल्या जागी, पट्ट्यांनी जखडून ठेवतात. उड्डाणात ती सुटून मागे घसरली तर वैमानिकाच्या हातात फारसं काही राहत नाही.

तिसरी वाट तुमच्या दारातली आहे, आणि तुम्ही पत्रात तिचा उल्लेखही केला नाही. हत्तरगीला, हुक्केरी तालुक्यात, एक्वस कंपनीच्या औद्योगिक वसाहतीत एअरबस-बोईंगच्या प्रवासी विमानांचे भाग बनतात. अॅल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर चढतो आणि त्यातला बराचसा भाग चुरा होऊन खाली पडतो. उरतो तो हलका, फासळ्यांसारखा सांगाडा. तुमच्याकडे बिघडलेलं कास्टिंग परत भट्टीत जातं. इथे माप अचूक असलं तरी धातू कुठल्या लॉटचा, कुणी तपासला, याचा कागद नसेल तर भाग बाद. सी-२९५ चे १३ हजारांहून जास्त सुटे भाग भारतात बनवायचं ठरलंय. ही कामं जाणणारी माणसं लागणारच.

यासाठी मी एरोनॉटिकलपेक्षा मेकॅनिकल इंजिनिअरिंग सांगेन. हत्तरगी, वडोदरा, उद्यमबाग, शिवाय एएफकॅटची तांत्रिक शाखा, सगळीकडे ते चालतं. केसीईटीतून (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) बेळगावचं गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तर मुलगी घरून जाऊन-येऊन शिकेल. एमएचटी-सीईटीचाही (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) अर्ज भरा : सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग प्रवेशाची वेगळी तरतूद आहे. दहावी-बारावी सीमाभागातूनच झालेली हवी, मातृभाषेचा आणि गावाचा दाखला हवा. ते कागद आत्ताच काढा, जूनमध्ये कचेरीत रांग लागते. आणि कन्नड सोडू देऊ नका. आपलं राजकारण काही असो, हत्तरगीच्या शॉप फ्लोअरवर सुपरवायझर कन्नडमध्येच बोलणार.

या महिन्यात तिचे डोळे तपासून घ्या आणि एकदा तुमच्या फाउंड्रीत नेऊन मशीन शॉप दाखवा. तिथे ती किती वेळ रमते ते मला कळवा.