"ती माझ्याकडे येतच नाहीये"

दत्तक घेणाऱ्या आयांकडून हे वाक्य मी सतत ऐकते, परदेशातून येणाऱ्यांकडून तर जास्तच. सुट्टी मोजून मिळालेली असते, परतीची तिकिटं डोक्यात असतात, आणि एवढी वर्षं वाट बघितलेली मुलगी समोर आली की लगेच गळ्यात पडेल असं मनाने धरलेलं असतं. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

जोडपं न्यू जर्सीचं, दोघंही मूळ पुण्याकडचे, आता तिकडचे नागरिक. मुलगी अडीच वर्षांची, इथल्याच एका संस्थेत वाढलेली. होम स्टडी म्हणजे घराची-कुटुंबाची पाहणी, तिकडची दत्तक एजन्सी, कारा या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेची एनओसी हे सगळं पार पडलेलं, दत्तकाचा आदेशही हातात. (सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे आधीच्या लोकांचे कोर्टाच्या तारखांचे किस्से ऐकून धसका घेऊ नका.)

व्हिडिओ कॉल बरेच झाले होते, फोटोंचा अल्बमही संस्थेत आधीच पोचला होता. आईला वाटलं ओळख झालीच आहे. पण मोबाईलमधला चेहरा आणि समोर उभं असलेलं, वेगळ्याच वासाचं, डोळ्यात पाणी आणून हात पसरणारं माणूस, यात लहान मुलाला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. मुलगी सांभाळणाऱ्या मावशींच्या कडेवर, दोन्ही मुठींत एकेक पार्ले-जी. आईने मोठी बाहुली पुढे केली तर तिने मावशींच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि जे रडायला लागली! मग बाबांच्या घड्याळाकडे बघत बघत गप्प झाली, अर्ध्या तासाने त्यांच्या मांडीवर जाऊन बसली सुद्धा. आई मात्र हात लावायला गेली की परत भोकाड.

संध्याकाळी बाईंचा मला फोन, हमसून हमसून. "मॅडम, तिला मी नकोच आहे. ह्यांच्याकडे जाते, माझ्याकडे बघून तोंड फिरवते. मी आई होऊच नये असं असेल का?"

मी त्यांना म्हटलं, अहो, ती रडली हे ऐकून मला बरं वाटलंय. तिला मावशींचा लळा आहे, म्हणजे माणसाला जीव लावणं तिला जमतं, आणि एकदा जीव लावलेलं मूल दुसऱ्यांदाही लावतं, फक्त वेळ घेतं. मला जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते पहिल्याच मिनिटाला कुणाच्याही कडेवर हसत जाणाऱ्या मुलाकडे, आणि गंमत म्हणजे नेमकं तेच मूल बघून घरचे खूश होतात. बाबांचं म्हणाल तर, संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच, पुरुष माणूस क्वचित दिसणार, काही मुलं त्याला घाबरतात, काहींना भारी कुतूहल वाटतं. आईची जागा मात्र तिच्या लेखी रिकामी नाहीये, तिथे मावशी आहेत, म्हणून सगळा राग तुमच्यावर निघतोय.

दुसऱ्या दिवशी बाहुली हॉटेलवरच ठेवायला लावली. बाईंना सांगितलं, खाली सतरंजीवर बसा, तिला बोलवू नका, तिच्याकडे टक लावून बघू नका, मावशींशी गप्पा मारा आणि संत्रं सोला. मावशी त्यांच्याशी हसून बोलतायत हे मुलीने बघणं महत्त्वाचं होतं, मुलाला भरवसा तिथूनच मिळतो. एक फोड बाजूला ठेवलेली, ती मुलीने उचलली. पुढची थेट बाईंच्या हातातून घेतली, तोंड तिकडे फिरवूनच. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच सांगितलं, आत्ता कुशीत घ्यायला जाऊ नका.

बाबांना एक अवघड काम दिलं, जरा मागे राहायचं. खेळा, फिरवा, पण भरवणं, कपडे बदलणं, झोपवणं आईच करणार, मुलगी रडली तरी तुम्ही शेजारी बसा, लगेच उचलून घेऊ नका. बऱ्याच बाबांना हे पटत नाही, कारण मूल आपल्याकडे येतंय याचं सुख कुणाला सोडवतं!

मावशींची वापरलेली ओढणीही मागून घेतली. पुण्याला आजी ती धुवायला निघाल्या होत्या, थोडक्यात वाचली. तिचा वासच तर हवा असतो रात्री. औक्षणाला वीस-पंचवीस नातेवाईक जमणार होते, ते मी सरळ नाही म्हटलं, आजींनी एकटीने ओवाळायचं, बाकीच्यांनी नंतर भेटायचं. थोडे रुसवे-फुगवे झाले, होऊ देत. खाणं कुणीच हिसकावू नये हेही सगळ्यांना बजावलं, बिस्किटं मुठीत धरून झोपली तरी चालेल.

विमानात बसेपर्यंत ती बाबांचीच होती. न्यू जर्सीला गेल्यावरही रात्री उठून मावशींना हाका मारायची, आणि बाई शेजारी बसून तिला मावशींचा फोटो दाखवायच्या. हे त्यांना फार जड गेलं, तरी त्यांनी केलं.

एक गोष्ट मात्र त्या करायला तयार नव्हत्या, हे सगळं तिकडच्या सोशल वर्करला खरंखरं सांगणं. अशा दत्तकात पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी फॉलो-अप रिपोर्ट जातो, त्यात हे लिहिलं तर मुलगी परत घेतील अशी त्यांना भीती. ही भीती जवळपास सगळ्यांना असते आणि मग सगळे "एकदम छान चाललंय" सांगून मोकळे होतात. मूल रात्री रडतं, आई थकलीये, कधी कधी तिला प्रेमच वाटत नाही, एवढ्यावरून कुणी मूल नेत नाही, उलट सोशल वर्करला कळलं तर मदत वेळेवर मिळते. शेवटी बाईंनी पहिल्याच भेटीत सोशल वर्करला सगळं सांगितलं, आणि त्यांना त्यांच्याच भागातल्या दत्तक आयांचा एक ग्रुप मिळाला. आता तिथे नवीन आलेल्यांना त्याच सांगतात, पहिल्या भेटीला मोठी बाहुली नेऊ नका म्हणून.